विदर्भातल्या मुलांच्या वाट्याला अर्धवट प्रशिक्षण का?

विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांचा विषय निघाला की गेली वीस-पंचवीस वर्षं एकच वाद रंगतो. कारण कर्ज की नैराश्य? चळवळीतले कार्यकर्ते म्हणतात, कापसाला भाव द्या, शेताला पाणी द्या, माणसं जगतील. मानसिक आरोग्याचं काम करणारे म्हणतात, गावोगाव समुपदेशक नेमा, हेल्पलाइन द्या. दोघंही बोलतात ते गेलेल्या किंवा जाऊ पाहणाऱ्या कर्त्या माणसाबद्दल. त्याच घरात सहा-सात वर्षांची एक मुलगी असते. तिनं ती सकाळ पाहिलेली असते. त्याआधीची दोन-तीन वर्षं घरातली भांडणं, दारू आणि दारात येऊन उभा राहणारा सावकाराचा माणूस हेही पाहिलेलं असतं. या वादात तिचा उल्लेखसुद्धा होत नाही. कुणी तो केला आणि अशा मुलांवर उपचार करणाऱ्यांना मोठं, सखोल प्रशिक्षण हवं असं म्हटलं, तर लगेच उत्तर येतं, ‘इथं साधा समुपदेशक मिळत नाही आणि तुम्ही प्रगत प्रशिक्षणाच्या गोष्टी करता? ते पुण्या-मुंबईला राहू द्या.’ हे उत्तर देणारी माणसं बहुतेक वेळा चांगल्या हेतूची असतात, म्हणूनच त्याचा नीट प्रतिवाद करायला हवा.

माझं म्हणणं असं. लहानपणीच ज्यांचं घर विस्कटलं आणि ज्यांचा माणसांवरचा विश्वास त्यातच मोडला, अशा मुलांसोबत काम करणाऱ्यांना सर्वांत सखोल प्रशिक्षणाची गरज शहरापेक्षा यवतमाळ, वाशीम, बुलढाणा आणि मेळघाटात जास्त आहे. ते दीर्घ असावं, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली असावं, इथल्या भाषेत असावं आणि सरकारच्या खर्चानं असावं. दोन दिवसांची कार्यशाळा, चहा-नाश्ता, गटचर्चा आणि शेवटी प्रमाणपत्र हा प्रकार या कामासाठी नुसता अपुरा नाही, तो घातक ठरू शकतो.

असं का, हे समजायला त्या मुलीकडेच पाहावं लागेल. मूल जग ओळखतं ते सांभाळणाऱ्या एक-दोन माणसांच्या आधारानं. रडलं की कुणीतरी येतं, घाबरलं की कुणाच्या तरी कुशीत शिरता येतं, हा अनुभव शेकडो वेळा आला की भीतीतून पुन्हा शांत कसं व्हायचं हे त्याचं शरीर शिकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर बेघर झालेल्या मुलांबद्दल जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी जो अहवाल लिहिला, त्याचा गाभा हाच होता. पुढे ॲटॅचमेंट, म्हणजे मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातला भावबंध, हा अभ्यासाचा मोठा विषय झाला. या अभ्यासातली सर्वांत अवघड गोष्ट मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात नोंदवली. ज्याच्याकडे धाव घ्यायची तोच माणूस भीतीचं कारण असला, तर मुलाला ना जवळ जाता येतं ना लांब पळता येतं. ते अर्ध्यात थबकतं, गोठतं, उलट्या दिशेला तोंड करतं. दारू पिऊन कधी लाड करणारा आणि कधी ताट भिरकावणारा बाप, किंवा दुःखानं इतकी बधिर झालेली आई की तिच्या चेहऱ्यावर काही उमटतच नाही, अशा घरांतली मुलं पाहिलेल्या कुणालाही हे वर्णन ओळखीचं वाटेल.

अशी मुलगी शाळेत काय करते? कधी दुसऱ्याच्या डब्यातली पोळी चोरते, कधी विनाकारण खोटं बोलते, कधी ओळख नसलेल्या पाहुण्याच्या मांडीवर जाऊन बसते. पुष्कळदा ती यातलं काहीच करत नाही, नुसती गप्प होते. आजी कौतुकानं सांगते, “पोट्टी लय शहानी झाली, काईच तरास देत नाई.” गुरुजींनाही ती आवडते. दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक वहीत ‘सावरली आहे’ असं लिहितो आणि पुढच्या घरी जातो. शहाणपण आणि गोठलेपण यांतला फरक त्याला कुणी शिकवलेलाच नसतो. तो फरक पुस्तकातल्या व्याख्येनं कळतही नाही. मुलाचा श्वास, हातांची हालचाल, नजर कुठं जाते आणि कुठं जायचं टाळते, हे पाहायला डोळा तयार व्हावा लागतो. चुकलं तिथं दाखवून देणारं कुणीतरी महिनोन्‌महिने सोबत असेल तरच तो तयार होतो.

आता विरोधी मुद्द्यांकडे येतो. पहिला आणि सर्वांत वजनदार मुद्दा चळवळीतल्या लोकांचा आहे. ते म्हणतात, शेतकऱ्याचं दुःख हा मनाचा आजार ठरवला की भाव, पाणी, पतपुरवठा हे प्रश्न बाजूला पडतात आणि धोरणाचं अपयश माणसाच्या डोक्यात ढकललं जातं. ही भीती खरी आहे. हमीभावाला समुपदेशन हा पर्याय नाही, आणि कुणी तसा तो पुढं करत असेल तर त्याला विरोधच केला पाहिजे. पण म्हणून उलटं खरं ठरतं का? २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. सिंचन, व्याजमाफी, बियाणं, जोडधंदे अशा गोष्टींसाठी ते होतं. ते पूर्णपणे आणि प्रामाणिकपणे राबवलं गेलं असतं, तरी त्या वर्षी बाप गमावलेल्या पाच वर्षांच्या मुलाचं रात्री दचकून उठणं त्यानं थांबलं असतं का? तो मुलगा आज पंचविशीत आहे, कदाचित स्वतः बाप झाला आहे. आत्महत्येनंतर पंचनामा होतो, सातबारा आणि कर्जाचे कागद तपासले जातात, प्रकरण पात्र की अपात्र हे ठरतं आणि पात्र ठरलं तर एक लाख रुपये मिळतात. ही सगळी चौकशी गेलेल्या माणसाबद्दल असते. मुलं किती, ती आता कुणाजवळ झोपतात, हे कोण विचारतं? कर्जाच्या प्रश्नाला न्याय द्यायचा तर त्या कर्जानं मुलांचं जे केलं तेही नुकसानीतच मोजावं लागेल. मुलांवरच्या आघाताबद्दल बोलणं राजकारणाला बगल देणं आहे असं मला वाटत नाही. उलट त्यामुळे धोरणाच्या अपयशाचं बिल आणखी मोठं होतं.

दुसरा आक्षेप सांस्कृतिक आहे. ॲटॅचमेंट वगैरे पाश्चात्त्य कल्पना आहेत, तिथलं मूल एकट्या आईच्या खोलीत वाढतं, आपल्याकडे आजी, काकू, आत्या, शेजारपाजार सगळे मिळून मूल वाढवतात, असं म्हटलं जातं. यात तथ्य आहे. एकाच आईभोवती सगळा सिद्धांत उभा करण्याची चूक सुरुवातीच्या लिखाणात झाली आणि मानववंशशास्त्रज्ञांनी त्यावर योग्य टीका केली. पण हा विचार फक्त लंडनच्या दवाखान्यात जन्मला, ही समजूत बरोबर नाही. बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ १९५४-५५ मध्ये युगांडात होत्या. कंपालाजवळच्या खेड्यांत घरोघरी बसून त्यांनी आया आणि तान्ही मुलं पाहिली. अमेरिकेत बाल्टिमोरमधला त्यांचा गाजलेला अभ्यास त्यानंतरचा आहे. भावबंधाच्या या शास्त्राचं पहिलं मोठं निरीक्षण आफ्रिकेतल्या शेतकरी घरांच्या ओसरीवर झालं आहे. आणि आपल्या ‘सगळे मिळून’ वाढवण्याचं आत्महत्येनंतर काय होतं? विधवा सुनेचं सासरी पटत नाही, जमिनीवरून दिराशी तंटा होतो, ती माहेरी जाते, मोठा मुलगा मामाकडे, धाकटी वसतिगृहात. ज्या अनेक हातांचा आपण अभिमान बाळगतो, ते एका वर्षात सुटून जातात. मेळघाटात तर कामासाठी दिवाळीनंतर गाव सोडून होळीला परतणारी कोरकू कुटुंबं आहेत. त्यांच्या मुलांना कोण कधी जवळ असतं याचा विचार इथल्या माणसांनीच करायला हवा, आणि त्यासाठी त्यांच्याजवळ ज्ञान हवं. सिद्धांत परका वाटतो म्हणून इथल्या थेरपिस्टला त्यापासून दूर ठेवलं, तर तो इथल्या मातीत दुरुस्त करणार कोण?

तिसरा मुद्दा मनुष्यबळाचा, आणि इथं विदर्भाकडेच उत्तर आहे. आधी साधी सेवा पोहोचवा, ती साध्या माणसांकडून होते, असं सांगितलं जातं. होतेच. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि समुपदेशकांना तयार केलं, गरज पडली तिथं डॉक्टर जोडले. त्याआधी नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चौघांनी मदत घेतली होती, नंतर हे प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं. हे यश मोठं आहे, ते कमी लेखायचं कारण नाही. पण ते मोठ्या माणसांच्या नैराश्यासाठी होतं. त्याची पद्धत ठरलेली असते, भेटी मोजक्या असतात, आणि ती थोड्या प्रशिक्षणात शिकवता येते. लहानपणापासून साचलेल्या आघाताचं काम तसं नाही. तिथं मुलाला ‘काय झालं ते सांग’ म्हणणं पुष्कळदा सर्वांत शेवटी येतं, काही मुलांच्या बाबतीत कधीच येत नाही. आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि शोक, मग पुन्हा जगात मिसळणं, असा क्रम अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये मांडला. तो पाळायचा तर मुलासोबत त्याच्या आईला किंवा आजीलाही घ्यावं लागतं, कारण बरं होण्याची जागा त्यांच्यातलं नातं हीच असते.

यात थेरपिस्टचीही परीक्षा असते. विश्वास मोडलेलं मूल नव्या माणसाची पारख करतं. भेटीला येत नाही, शिवी देतं, हात चावतं, तुमच्या पिशवीतली वस्तू उचलतं. तयारी नसलेल्या माणसाला हा अपमान वाटतो, किंवा त्याला इतका कळवळा येतो की तो पाळता न येणारी वचनं देऊन बसतो. दोन्हींचा शेवट मुलाच्या दृष्टीनं सारखाच होतो, आणखी एक माणूस गेला. म्हणूनच या प्रशिक्षणात स्वतःच्या लहानपणाकडे पाहणं असतं, आपल्या भेटींच्या नोंदी ज्येष्ठ थेरपिस्टसमोर ठेवणं असतं, ते सुद्धा दर आठवड्याला, वर्ष-दोन वर्षं. याला चैन म्हणायचं का? सर्जनला कुणाच्या तरी हाताखाली शस्त्रक्रिया न शिकवता चाकू दिला तर आपण त्याला काय म्हणू?

साध्या माणसांना अवघड गोष्ट शिकवता येत नाही, हा समज गडचिरोलीनं तीस वर्षांपूर्वी मोडला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत जेमतेम शाळा शिकलेल्या बायांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि घरीच जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. खेड्यातल्या बाईच्या हातात इंजेक्शनची सुई ही कल्पनाच तेव्हाच्या वैद्यकीय जगाला न पटणारी होती. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं, आणि पुढे देशभरात आशाताईंच्या गृहभेटींचा कार्यक्रम त्यातून आला. या उदाहरणावरून लोक एवढंच शिकले की काम खेड्यातल्या बाईवर सोपवता येतं. तिला किती बारकाईनं शिकवलं गेलं, तिच्या नोंदी कशा पुन्हा पुन्हा तपासल्या गेल्या, तिच्यामागे किती पक्की देखरेख होती, ही अर्धी बाजू सोयीनं विसरली गेली. अवघड कौशल्य पातळ न करता तिच्यापर्यंत पोचवलं, म्हणून बाळं वाचली. मनाच्या बाबतीत आपण काय करतो? तशाच अवघड कौशल्याचं दोन दिवसांत पाणी करतो आणि वर ‘समुदाय आधारित’ असं नाव देतो.

चौथा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. या क्षेत्रात शास्त्र अजून पक्कं नाही आणि भोंदूगिरी भरपूर आहे. वाढीच्या वयात साचत गेलेल्या आघातासाठी ‘डेव्हलपमेंटल ट्रॉमा डिसऑर्डर’ असं वेगळं निदान असावं, हा मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांचा प्रस्ताव मानसिक आजारांच्या अमेरिकेतल्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत स्वीकारला गेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, २०२२ पासून, जटिल आघाताला, म्हणजे दीर्घकाळ किंवा पुन्हा पुन्हा झालेल्या आघाताच्या परिणामांना, स्वतंत्र जागा मिळाली, पण मुलांबाबतचे मतभेद संपलेले नाहीत. भोंदूगिरीबद्दल म्हणाल तर, २००० मध्ये अमेरिकेत कोलोराडो राज्यात ‘ॲटॅचमेंट थेरपी’च्या नावाखाली दहा वर्षांच्या एका दत्तक मुलीला चादरीत घट्ट गुंडाळून दाबून ठेवलं गेलं आणि ती गुदमरून गेली. करणारे स्वतःला थेरपिस्टच म्हणवत होते. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत सगळं बोलून घ्यायचं, हा एकेकाळी लोकप्रिय असलेला उपायसुद्धा नंतरच्या अभ्यासांत निरुपयोगी आणि काहींना अपायकारक ठरला. मग निष्कर्ष काय काढायचा? या कामापासून लांब राहायचं? पोकळी रिकामी राहत नाही. ज्या गावात मूल अंगात आल्यासारखं करतं, तिथं ‘बाहेरचं झालं’ म्हणून कुणीतरी त्याला कुणाकडे तरी नेतंच. उद्या त्याच गावात मोबाइलवर तीन तासांचा कोर्स केलेला ‘ट्रॉमा हीलर’ही पोचेल. काय सिद्ध झालं आहे, काय नाही आणि काय कधीच करायचं नाही, हे ज्याला माहीत आहे असा माणूस जवळ असणं, हाच त्यावरचा बंदोबस्त आहे. अर्धवट ज्ञानाची भीती वाटते म्हणून पूर्ण ज्ञान नाकारणं हा तर्क मला तरी कळत नाही.

या सगळ्याहून मोठा अडथळा आमच्या व्यवस्थेतच आहे आणि त्याबद्दल वादात कुणी बोलत नाही. ग्रामीण भागातले बहुतेक समुपदेशक कंत्राटी आहेत. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग खंड, मग पुन्हा ऑर्डर, मानधन दोन-तीन महिने रखडलेलं, आणि बरं काही मिळालं की माणूस नागपूरला निघून जातो. त्याला मी दोष देणार नाही. पण ज्या मुलाचा आजारच ‘माणसं जातात’ हा आहे, त्याच्यासमोर दर अकरा महिन्यांनी नवा माणूस बसवणं याला उपचार म्हणता येईल का? सर्वोत्तम प्रशिक्षण घेतलेला थेरपिस्टही या कंत्राटात नापास होईल. त्यामुळे प्रशिक्षणाची मागणी आणि कायम पदांची मागणी मला वेगळी करता येत नाही.

आश्रमशाळांचं तसंच. सहा-सात वर्षांची गोंड, माडिया, कोरकू, कोलाम मुलं घर सोडून निवासी शाळेत येतात. शिक्षणासाठी ही सोय आवश्यक होती आणि अनेक पिढ्यांना तिनं उभं केलं, हे मान्य. पण शेकडो मुलांमागे एक अधीक्षक आणि एक अधीक्षिका, या हिशेबात मुलाला आपलं असं माणूस कोण? रुमानियात बुखारेस्टमधल्या अनाथालयांतल्या १३६ मुलांचा अभ्यास या शतकाच्या सुरुवातीला झाला. त्यातली निम्मी मुलं प्रशिक्षित पालक-कुटुंबांत ठेवली गेली. त्यांची बुद्धी, भाषा, भावबंध, सगळ्यांत संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा सुधारणा दिसली, आणि जितक्या लहान वयात ती कुटुंबात गेली बहुतेक बाबतींत तितकी जास्त. आश्रमशाळा म्हणजे रुमानियाची अनाथालयं नव्हेत, घर आहे, आईबाप आहेत, सुट्टीत मूल गावी जातं. तरी त्या अभ्यासातला एक धडा इथंही लागू आहे, की पोट भरणं आणि छप्पर असणं पुरत नाही. इंग्लंडमध्ये १९५० च्या सुमारास रुग्णालयात दाखल मुलांना आईबापांनी आठवड्यातून एखाद्या वेळीच भेटायची प्रथा होती, कारण भेटीनंतर मुलं रडतात, व्यवस्था बिघडते. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये अशा एका दोन वर्षांच्या मुलीवरची फिल्म डॉक्टरांना दाखवली. प्रचंड विरोध झाला. १९५९ मध्ये सरकारी समितीनं पालकांना मोकळेपणानं भेटू द्यावं अशी शिफारस केली आणि हळूहळू ती प्रथाच मोडली. मुलाचं गप्प होणं म्हणजे रुळणं नव्हे, हे ओळखणारा डोळा एका माणसाकडे होता, म्हणून हे घडलं. आमच्या आश्रमशाळांत तसा डोळा असलेली माणसं हवीत, आणि अधीक्षिकांना तो मिळणं थेरपिस्टला मिळण्याइतकंच गरजेचं आहे.

हे प्रशिक्षण उभं राहायला फार नवं काही लागत नाही. जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मुलांच्या वाढीतले दोष लवकर ओळखून उपचार करणारी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथं मानसशास्त्रज्ञाचं पद धरलेलं आहे. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून खेड्यांत काम करतंय, नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पहिल्या तुकडीत वीस जण असले तरी पुरेत, पण ते दोन वर्षं शिकावेत, आपापल्या तालुक्यात काम करत शिकावेत, आणि शिकवणं वऱ्हाडी, कोरकू, गोंडी बोलणाऱ्या घरात कसं बसायचं इथपासून असावं. अमेरिकेत मुलांवर मानसोपचार करणाऱ्या सेल्मा फ्रायबर्ग यांनी १९७० च्या दशकात बाळ आणि आई यांच्यावरचे उपचार त्यांच्या स्वयंपाकघरात बसून केले. दवाखान्यात न येणारं कुटुंब हा त्यांना अडथळा वाटला नाही. इथंही आई निंदणीला गेलेली असेल तर भेट शेताच्या धुऱ्यावर होईल. या वीस जणांची पदं कायम असावीत, त्यांच्यावर देखरेख करणारे शिकवल्यावर निघून जाणारे पाहुणे नसावेत, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांची संख्या इतकीच ठेवावी की प्रत्येक मूल किमान दोन वर्षं त्याच माणसाला भेटू शकेल. पाच वर्षांनी हेच वीस जण पुढच्या तुकडीचे शिक्षक होतील. मग आशाताई आणि अंगणवाडीताईंना जे थोडं शिकवायचं ते त्यांच्याकडून शिकवा, कारण कुठलं मूल आपल्या आवाक्याबाहेरचं आहे आणि ते कुणाकडे पाठवायचं, हे सांगणारा माणूस तेव्हा त्यांच्याच तालुक्यात असेल.